रामाजीनं कसलेले बोल्ट

उंचावर काम करणाऱ्या फिटरांमध्ये रामाजी तितीरमारेचं नाव साऱ्या भिलाईत गाजत होतं, आणि त्या नावानंच बिचाऱ्याचा घात केला होता. कारण खरी गोष्ट अशी की रामाजीला उंचीचं भेव वाटत होतं. थोडंथोडकं नाही. शिडीला हात लावला की मारुतीचा धावा, अन् वर पोचेपर्यंत पाचावर धारण. पण हे ठाऊक होतं एका रामाजीला आणि एका मारुतीला. मारुतीचं एक बरं असतं, तो कोणाची चहाडी करत नाही.

जन्मापासून तो असा नव्हता, हेही सांगून टाकतो. साकोलीकडच्या आपल्या गावात मोहाच्या शेंड्यावर जाऊन बसणारं ते पोरगं. भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा शेती भावाच्या हवाली करून इकडं आला, आणि पहिली भट्टी चढत होती तेव्हा वीतभर रुंदीच्या तुळईवरून विडी ओढत चालत जायचा. मग एक दिवस त्याच्या हातून एक बोल्ट निसटला. एवढंच झालं. बोल्ट तर रोज निसटतात. पण त्या दिवशी रामाजीनं त्याच्या मागोमाग खाली पाहिलं. बोल्ट जाऊन राहिला, जाऊन राहिला, बारीक होत होत मोहरीएवढा झाला, दिसेनासा झाला, आणि किती तरी वेळानं खालच्या रिकाम्या घमेल्यात ठण्णकन वाजला. कोणाला लागलं नाही, कोणी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून रामाजी वर गेला की त्याला वाटायचं, आता पाळी आपली आहे.

आता गंमत पाहा. भेवापायी तो तुळईवर उभा राहीना, घोड्यावर बसल्यासारखा बसूनच पुढं सरके. खांबाला मिठी मारल्याशिवाय पाना हातात घेईना. तोंडानं सारखं मारुतीचं नाव. आणि बोल्ट आवळायला लागला की जीव खाऊन आवळे, कारण ज्या तुळईवर आपण बसलो तीच सुटली तर काय, या विचारानं त्याच्या हातात रेड्याचं बळ येई. पाहणाऱ्यांना वाटे, वा, काय निष्ठा आहे. उभारणीचे मोठे इंजिनियर नरहरी पिंपळापुरे, नागपूरचे, तोंडाचे फटकळ आणि मनाचे बरे, नव्या पोरांना त्याच्याकडं बोट दाखवून सांगत की काम शिकायचं तर रामाजीकडून शिका, लोखंडाला देव मानतो तो. रामाजी वरून हे ऐके आणि खांबाला आणखी घट्ट धरी.

सांगायचं तरी कोणाला? उंचावरच्या फिटरनं मला भेव वाटते म्हणणं म्हणजे खाटकानं रक्त पाहून चक्कर येते म्हणण्यातला प्रकार. त्याचा जोडीदार फकिरा शेजारच्याच गावचा. त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या खात्यात आणि पुढच्या बाजारापर्यंत साकोलीत पोचलं असतं, आणि जन्माचं एक नाव चिकटलं असतं. बायकोला सांगावं, तर शकुबाईनं माहेरी सांगून ठेवलेलं की आमचे हे ढगात काम करतात. अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगणार?

अशात भैय्याजीनं बातमी आणली. भैय्याजी हा पिंपळापुरे साहेबांच्या ऑफिसातला कारकून. रामाजीच्या क्वार्टरवरून त्याचा रोजचा रस्ता, आणि बातमी पोटात ठेवली तर त्याला अन्न पचत नसे. बातमी अशी की मरोद्याच्या तलावावर, जिथून कारखान्याला पाणी येतं, तिथल्या पंपघरात एक फिटर नेमायचा आहे. काम काय, तर पंपांना तेलपाणी करायचं, आणि तलावात कुठं किती गाळ साचला ते पाहायला डोंग्यातून फेरी मारायची. डोंग्याला इंजिन बसवायचं ठरलं होतं. मासे धरायचा नाद असलेला एक रशियन इंजिनियर मायदेशी जाताना आपलं डोंग्याचं इंजिन साहेबांना भेट देऊन गेला होता. बोल्ट मात्र, हरवले म्हणा की त्यानं आठवण म्हणून नेले म्हणा, त्यात नव्हते. डोंग्याच्या मागच्या फळीला धरून बसणारा इंजिनाचा जो लोखंडी पंजा, त्याला चार भोकं होती आणि चारही रिकामी.

रामाजीनं पाण्याच्या पुढचं काही ऐकलंच नाही. पाणी. सपाट. चढायची भानगड नाही. त्याला पोहता येत नव्हतं, पण बुडणं वेगळं आणि पडणं वेगळं, असा त्यानं मनाशी निवाडा केला. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं जाऊन उभा राहिला आणि गुडघे दुखतात म्हणाला. ते खोटं नव्हतं, दिवसभर लटलट कापून दुखतच होते. साहेबांचं तोंड उतरलं. असा माणूस पाण्यावर वाया घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. पण रामाजीनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले की रविवारी आम्ही सगळे तलावावर जमणार आहोत, इंजिन चालवून पाहायचं आहे. ते डोंग्यावर तूच बसव, बोल्टही तूच निवड. नीट चाललं तर पंपघर तुझं. नाही तर मुकाट्यानं परत वर.

झालं. त्या दिवसापासून रामाजीला बोल्टांनी झपाटलं.

आधी तो पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात गेला. तिथल्या लोखंडवाल्या शेटनं इंजिन किती वजनाचं, फळी कशाची, सगळं विचारून घेतलं आणि करंगळीएवढे चार बोल्ट पुढं ठेवले. जस्ताचं पाणी दिलेले, म्हणजे तलावात गंजायचे नाहीत. सोबत रुपयाहून मोठ्या चार पातळ चकत्या, नटाखाली घालायला, म्हणजे नट लाकडात रुतायचा नाही. भोकात सफेदा भर म्हणाला, पाणी झिरपायचं नाही. आता हे ऐकून शहाण्या माणसानं काय केलं असतं? बोल्ट कागदात गुंडाळून घरी आला असता. रामाजीनं त्यातला एक दोन बोटांत धरला, उजेडाकडं करून पाहिला आणि म्हणाला की ही तर आमच्या मंडळीच्या कुड्याची फिरकी झाली. शेट हसला. रामाजीला हसू आलं नाही. पुढचं सारं आयुष्य त्या इंजिनाला टांगलेलं, आणि इंजिन काय करंगळीला टांगायचं?

कारखान्यात बोल्टांना तोटा नव्हता. साहेबांचाच हुकूम, त्यामुळं भांडारवाल्यानं हवे ते नमुने नेऊ दिले. रामाजी ते घरी आणायचा, स्वयंपाकघरात ओळीनं मांडायचा आणि पुढ्यात उकिडवा बसून राहायचा. शकुबाईला चुलीपुढं बसायला जागा उरेना.

"अवो, इंजिन बसवाचं आहे का रेल्वेचा पूल?" तिनं विचारलं.

"तुले नाई समजत. समजा, लाट आली तं?"

"तलावात?"

"समजा म्हणून राहिलो ना मी. अन् समजा, मगर आली तं?"

शकुबाईनं वरणाला फोडणी दिली आणि मगरीच्या वाटेला गेली नाही. पण रामाजीचं 'समजा' काही थांबेना. लाटेसाठी त्यानं बोटाएवढा बोल्ट बाजूला काढला. मगरीसाठी त्याहून जाड. समजा वावटळ सुटली. समजा साहेबच डोंग्यात बसले. पिंपळापुरे साहेब अंगानं चांगले भरलेले. प्रत्येक 'समजा'ला बोल्ट वाढत गेला, आणि प्रत्येक 'समजा'च्या शेवटी एकच चित्र: बोल्ट ढिला पडला, इंजिन गेलं, आणि रामाजी पुन्हा त्या तुळईवर, खाली पाहत. शेवटी भट्टीचे खांब ज्यांनी एकमेकांना जोडतात ते आंगठ्याहून जाड चार बोल्ट त्याच्या मनास आले. त्यांच्याहून जाड भांडारात नव्हते म्हणून, नाही तर तेही आणले असते.

इथं त्याचं चुकलं. तसा तो लाकडातलाच माणूस. बापाच्या बैलबंडीला एक खुंटी ठोकायची तर गावचा सुतार आधी लाकडावरून हात फिरवून पाहायचा, हे पाहतच तो वाढला होता. पण लोखंडात राहून राहून लाकूड विसरला. लोखंडाला भोक पाडलं तर लोखंड उरतं. फळीला अशी भोकं पाडली तर भोकंच उरतात. पण जिवाची पडलेल्या माणसाला हे कोणी सांगावं, आणि सांगितलं तरी तो ऐकतो कशाला.

शनिवारी फकिराला सोबत घेऊन रामाजी मरोद्याच्या बंधाऱ्यावर गेला. डोंगा होता तिथल्या गावातल्या भैयालाल केवटाचा, म्हणजे नावाड्याचा, त्यानं आपल्या हातानं बांधलेला. बोल्ट पंजाच्या भोकांत जाईनात. दुसरा कोणी असता तर बारीक बोल्ट घेऊन आला असता. रामाजीनं आदल्याच दिवशी वर्कशॉपमधून पंजाची भोकं मोठी करून आणली होती, तीही अपुरी पडली म्हणून आता कानशीनं आणखी घासली. मग गिरमिट घेऊन फळीला चार भोकं पाडली, एका ओळीत, जवळजवळ. भुशाचा ढीग पडला. फळीचा तो भाग पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखा दिसायला लागला.

फकिरानं डोकं खाजवलं. "भाऊ, फळीत काई उरलं का?"

"इंजिनाले बोल्ट धरते. फळी नाई धरत."

"अन् बोल्टाले कोण धरते?"

रामाजीनं पान्याच्या दांडीवर हातभर लांब पाइप चढवला आणि फकिराला म्हणाला, धर. दोघं मिळून लोंबकळले. फळी करकर वाजली. लोखंड असं कधी वाजत नाही, लाकूड रडतं तेव्हा असं वाजतं. पण रामाजी खुशीत मान हलवून म्हणाला की बसून राहिला बोल्ट. चारही आवळून झाले तेव्हा नट लाकडात निम्मे रुतले होते. तेवढ्यानंही त्याचं समाधान होईना. हातोडा घेऊन त्यानं बोल्टांची पुढं आलेली टोकं ठोकून चेचली, म्हणजे ब्रह्मदेव आला तरी नट फिरू नये. भैयालाल केवट हे सगळं बंधाऱ्यावर बसून पाहत होता. मग तो पाठ फिरवून बसला, आणि निघताना एवढंच विचारून गेला की साहेबाच्या इंजिनाला पोहता येतं का. रामाजीला वाटलं, खेड्यातला माणूस, त्याला इंजिनातलं काय कळतं.

रविवारी बंधाऱ्यावर ही गर्दी. पिंपळापुरे साहेब, दोनचार इंजिनियर, त्यांच्या बायका, चिवड्याचे डबे, भैय्याजी सगळ्यांच्या पुढं. शकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली. नारळ फुटला, इंजिनाला हळदकुंकू लागलं. भैयालाल वल्हं घेऊन डोंग्याच्या पुढच्या टोकाला गेला, आणि बसायच्या आधी त्यानं अंगातली बंडी काढून काठावर नीट घडी करून ठेवली. का, ते कोणी विचारलं नाही. रामाजी मागं इंजिनाजवळ बसला, मारुतीचं नाव घेतलं आणि दोरी ओढली.

इंजिन लागलं. पहिल्या झटक्याला लागलं. डोंगा पाणी कापत निघाला आणि बंधाऱ्यावर टाळ्यांचा गजर झाला. रामाजीचा हात इंजिनाच्या मुठीवर होता आणि बोल्ट तसूभर हलत नव्हते. त्यानं मान वळवून पाहिलं. लांब कारखान्याच्या चिमण्या आणि भट्ट्यांचे शेंडे दिसत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि मारुतीला हाक मारावीशी वाटली नाही. सुटलो, असं त्याला वाटलं. सुटलो रे बाप्पा. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं नव्हतं.

तेवढ्यात काठावरून साहेबांनी हात हलवून खूण केली की आणखी जोरात. रामाजीनं मूठ पिरगळली.

आवाज झाला तो काड्यांची मोळी मोडावी तसा. डोंगा पुढं गेला, इंजिन मागं राहिलं, आणि रामाजी कोणाबरोबर जावं हे न ठरवता आल्यामुळं इंजिनाबरोबर गेला. मूठ त्यानं सोडलीच नाही. उंचावर महिनोन्महिने धरायची सवय, सोडायची नाही. फळीची एक पट्टी, चार बोल्ट, इंजिन आणि रामाजी असे सगळे मिळून पाण्याखाली निघाले. भैयालालनं उडी टाकली, त्याचे केस धरले आणि वर आणलं. फळीशिवायचा डोंगा तोवर हळूच पाण्यात बसला होता.

मग केवटांनी बुड्या मारून, दोर लावून इंजिन बाहेर काढलं आणि बंधाऱ्यावर आणून टाकलं. साहेबांचं तोंड लाल झालं होतं. शकुबाई पदरानं रामाजीचं डोकं पुसत होती, आणि तो मान खाली घालून बसला होता. पंपघर गेलं. उद्या सकाळी शिडी. आपल्याला तलावातून काढायलाच नको होतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

साहेब म्हणाले, ती फाटकी पट्टी तरी काढा इंजिनाची, बघू आत किती पाणी गेलं. फकिरानं पाना लावला. नट हलेना. पाइप घालून फकिरा आणि एक केवट लोंबकळले. पान्याचं तोंड फाकलं, नट तिथंच. साहेबांनी कोट काढून भैय्याजीच्या हातात दिला आणि स्वतः जोर लावला. तेही घामाघूम झाले. मग ते तिथंच मातीत बसले आणि हसायला लागले. हसता हसता थांबले, आणि इंजिनाकडं पाहत राहिले.

तिकडं नवी चिमणी उभी राहत होती. कारखान्यातली सगळ्यात उंच. साहेब उठून सगळ्यांपुढं म्हणाले की डोंगा मोडला, फळी फाटली, इंजिन बुडालं, पण या माणसाचा एकही बोल्ट आटाभरसुद्धा फिरला नाही. असा माणूस मी पंपघरात ठेवू? चिमणीच्या माथ्यावरचं सगळं काम रामाजीच्या हाती, आणि उद्यापासून तो चार्जमन, म्हणजे तिथल्या फिटरांचा प्रमुख. भैय्याजीनं टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी धरल्या. माणूस आगीतून फुफाट्यात पडतो म्हणतात. हा गडी तलावातून थेट चिमणीवर पडला.

रामाजी उभा राहिला. अंगातून पाणी गळत होतं. आता गुडघ्यांचं नाव घ्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"साहेब, मले नाई जमत," तो म्हणाला. "मले उंचीचं भेव वाटते."

आधी फकिरा हसला. मग भैय्याजी. मग सगळा बंधारा हसला, साहेबांनी त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की बुडून आला तरी गंमत सुचते याला. इतके महिने जिवापाड लपवलेली गोष्ट, आणि शेवटी तोंडातून काढली तर कोणी खरीच मानेना. रामाजीला वाटलं, आता रडावं. लहान पोरासारखं भोकाड पसरून रडावं.

तेव्हा शकुबाई पुढं आली. साहेबासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती. पदर खोचला आणि म्हणाली, "हासू नका जी."

हसणं थांबलं.

"खोटं नाई बोलून राहिले ते. दिवाळीपासून हा माणूस खाटेवर झोपत नाई. पाठ दुखते म्हणते अन् खाली झोपते. झोपेत दोन्ही हातानं जमीन धरून ठेवते. मले का दिसत नाई?"

रामाजीनं बायकोकडं पाहिलं. दिवाळीपासून. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, आणि हिनं ते कोणाला सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही. त्याला अशी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं, की कोणतं जास्त ते त्याला कळेना.

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. मग फकिराकडं वळून विचारलं की तुला वाटतं का रे भीती. फकिरानं छाती काढून नाही म्हटलं. साहेबांनी विचारलं की तुझे बोल्ट मागून किती वेळा पुन्हा आवळून घ्यावे लागतात. फकिरा आपल्या पायांकडं पाहायला लागला.

"तेच," साहेब म्हणाले. "रामाजी, भितो तोच असा कसतो. ज्याला भीती नाही त्याच्या भरवशावर मी चिमणीखाली माणसं उभी करू? तू वर जाशील. पण उभं राहू नको. बसून जा, रांगत जा, ओरडायचं तर खुशाल ओरड. कंबरेला दोर बांधून जा, आणि कोणी हसला तर मला सांग."

"दोर कोण बांधन?" शकुबाईनं विचारलं. साहेबांनी फकिराकडं बोट दाखवलं. शकुबाईनं तिथल्या तिथं, सगळ्यांदेखत, फकिराला आपल्या हातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली.

पंपघरात त्या महिन्यात दुसराच कोणी लागला आणि फेऱ्या मारायला भैयालालचा डोंगा ठेवला, नवी फळी लावून, वल्ह्यासकट, बिनइंजिनाचा. रशियनाचं इंजिन भांडारात पडून राहिलं, फळीच्या पट्टीसकट. ती पट्टी वेगळी करायला बऱ्याच जणांनी हात लावून पाहिला आणि सोडून दिलं.

आणि रामाजी वर गेला. भेव गेलं असं कोणी समजू नका. भेव तसंच होतं, फक्त आता ते झाकायची मेहनत वाचली, आणि ती मेहनत भेवापेक्षा जड होती हे त्याला आत्ता कळलं. तो उघडउघड रांगे, उघडउघड मारुतीला हाका मारी, आणि मचाणाची फळी जरा हलली की "हालते, हालते" म्हणून साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असा बोंबले. त्याला एक नाव पडायचं ते पडलंच. ते काय होतं ते मी इथं सांगत नाही. पोरं काही दिवस हसली. मग त्यांच्या लक्षात आलं की रामाजी जिथं ओरडतो तिथं पाना लावून पाहिला तर एखादा बोल्ट खरोखरच ढिला निघतो. तेव्हापासून नवा मचाण बांधला की आधी रामाजीला त्यावरून रांगायला सांगत. तो ओरडला नाही, तरच बाकीचे पाय ठेवत. फकिरासुद्धा.

चिमणी पुरी व्हायच्या सुमाराला पिंपळापुरे साहेब काम पाहायला आले. खालीच उभे राहून त्यांनी विचारलं की रामाजी गेला का वर. गेला, असं फकिरानं सांगितलं. ओरडला का? नाई जी. साहेबांनी कोट काढला, शिडी दोन्ही हातांनी धरली आणि चढायला लागले.

रामाजीनं वरून पाहिलं. साहेब प्रत्येक पायरीवर थांबत होते. डोळे समोरच्या लोखंडावर, ना वर ना खाली. माथ्यावर पोचले तेव्हा अंगातला सदरा ओला झाला होता, आणि मचाणावर पाऊल टाकायच्या ऐवजी ते गुडघ्यांवर आले. रामाजीनं पाना खाली ठेवला, रांगत त्यांच्याजवळ गेला आणि काही न विचारता आपल्या दोराचं दुसरं टोक त्यांच्या कंबरेभोवती घेतलं.

"भेव वाटून राहिलं का साहेब?" त्यानं हळूच विचारलं.

"गप बस," साहेब डोळे मिटून म्हणाले. "आणि गाठ नीट मार."

रामाजीनं गाठ मारली आणि तिला जीव खाऊन ओढलं.